भेंडीच्या पानावरील फिर्याद

नीरेच्या कालव्याखाली आमचे स्नेही तात्या यांची जी थोडीबहुत बागायत आहे, तीपैकी दहा गुंठ्यांत त्यांनी यंदा उन्हाळी भेंडी केली होती. आणि सारी हयात दिवाणी कोर्टाच्या शिरस्तेदारीत घालविलेल्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर शेतीकडे ज्या करड्या नजरेने पाहावे, त्याच नजरेने ते रोज सकाळी एकेका सरीची हजेरी घेत असत. वैशाखाच्या उत्तरार्धात एके दिवशी मी त्यांजकडे गेलो, तेव्हा ते ओसरीवर हातात एक पान धरून बसले होते. पानाच्या लहानथोर सर्व शिरा हळदीने रेखाटल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या जाळ्यात अडकलेला हिरवा भाग तेवढा पूर्वस्थितीची साक्ष देत होता. आमच्या भागात या रोगास कोणी केवडा म्हणतात, कोणी हळद्या. शेतकऱ्याचे तोंडचे पीक हिरावून नेणाऱ्या व्याधीस अशी मंगलकार्यात शोभणारी नावे कोणी दिली असतील, याचे मला आजवर नवल वाटत आले आहे.

समोर त्यांच्या सूनबाई बसल्या होत्या. त्या पुण्यास वनस्पतींच्या विषाणूंवर संशोधन करतात आणि चार दिवसांच्या रजेवर आल्या होत्या. मी पोहोचण्यापूर्वीच वाद सुरू झालेला होता, आणि मला पाहताच तात्यांनी मला पंच नेमून टाकले.

"हा सरळ फौजदारी मामला आहे," तात्या म्हणाले. "पांढऱ्या माशीच्या तोंडून एक आगंतुक माझ्या पिकात शिरला, त्याने माझी मालमत्ता बळकावली आणि शेंगा पिवळ्या, निबर करून टाकल्या. आरोपी ठाऊक आहे, गुन्हा उघड आहे. आता पिकाच्या दाराशी असा पहारेकरी बसवावयाचा, की जो या आरोपीस पाहताक्षणी जागच्या जागी धरील. तुमच्या शास्त्राने एवढे करून दिले म्हणजे त्याचे काम झाले."

"मामंजी, आरोपीजवळ काय मुद्देमाल आहे तो आधी पाहा," सूनबाई म्हणाल्या. "केवड्याच्या विषाणूचा डीएनए म्हणजे जेमतेम पावणेतीन हजार अक्षरांचे एक कडे. त्याच्याबरोबर त्याच्या निम्म्या आकाराचा एक उपग्रह हिंडतो, आणि त्या उपग्रहात अवघे एक प्रथिन लिहिलेले असते. या दोघांच्या संगनमताशिवाय शिरा अशा पिवळ्या होत नाहीत, हे २००३ साली मदुराईच्या संशोधकांनी सिद्ध केले. आता एवढ्याशा दप्तरात मावणार ते काय? स्वतःच्या नकला उतरून घेण्यास लागणारा कारकूनसुद्धा या विषाणूच्या पदरी नाही. नक्कल भेंडी काढते, प्रथिने भेंडी घडविते. म्हणून मी याला घरफोडी म्हणत नाही. घरातल्याच माणसांनी, नकळत का होईना, चालविलेला हा कारभार आहे. आणि पहारेकरी कोठे बसवावा याआधी घरातल्या कोणी कोणाचा हात धरला, हे शोधले पाहिजे."

"चोर हत्यारावाचून आला म्हणून चोरी सौम्य ठरत नाही."

"ठरत नाही; पण तपासाची दिशा बदलते. पूर्ण वाढलेल्या पानातल्या पेशी विभागून वाढण्याचे काम आटोपून बसलेल्या असतात, आणि डीएनएच्या नकला काढणारे सारे खाते त्यांनी कुलूपबंद केलेले असते. ही कुलूपबंदी सांभाळणारे एक प्रथिन प्रत्येक वनस्पतीत आहे. गंमत अशी, की त्याचे नाव लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा नावाच्या कर्करोगावरून पडले आहे, कारण माणसात त्याचे भाऊबंद प्रथिन नाहीसे झाले म्हणजे हाच कर्करोग उद्भवतो. ते एरवी नकला सुरू करणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. भेंडीच्या विषाणूच्या कुळात 'रेप' नावाचे जे प्रथिन असते, ते जाऊन या रखवालदारास बिलगते. रखवालदाराचे हात गुंतले, की त्याने धरून ठेवलेली प्रथिने सुटतात आणि बंद खाते उघडते. विषाणूने काही फोडले नाही. त्याने केवळ एका हातात हात दिला."

माझ्या मते येथपर्यंत सूनबाईंचा पक्ष प्रबळ होता. परंतु तात्यांनी हयातभर जे काम केले, ते पुरावा वाचण्याचे होते, आणि त्यांनी आपला चष्मा पुसावयास घेतला तेव्हाच मी ओळखले, की आता उलटतपासणी होणार.

"हातात हात दिला, हे पाहिले कोणी?"

"या रखवालदाराच्या बाबतीत अनेक मार्गांनी पाहिले गेले आहे, पण सामान्यतः पहिली साक्ष यीस्टची असते."

"पाव फुगविण्याचे यीस्ट?"

"तेच. १९८९ साली स्टॅनली फील्ड्स आणि सॉंग या दोघांनी अमेरिकेत ही युक्ती काढली. यीस्टमध्ये जनुक चालू करणारे एक प्रथिन असते. त्याचे दोन तुकडे करावयाचे. एका तुकड्यास विषाणूचे प्रथिन जोडावयाचे, दुसऱ्यास पिकाचे. ती दोन प्रथिने एकमेकांस चिकटली, तर तुकडे जवळ येऊन जनुक चालू होते आणि ज्या अन्नावर एरवी यीस्ट उपाशी मरावयाचे, त्यावर ते वाढू लागते. भेंडीच्या याच विषाणूचे कवच-प्रथिन, पेशीकेंद्रकात मालाची ने-आण करणाऱ्या एका वाहक-प्रथिनाशी जुळते, हे २००६ साली जे प्रसिद्ध झाले, त्यातही ही रीत होती."

तात्या हसले. "म्हणजे तुमचा प्रमुख साक्षीदार असा, की ज्याने जन्मात भेंडीचे झाड पाहिले नाही! सूनबाई, दोन इसम एका धर्मशाळेत एका रात्री शेजारी निजले, एवढ्यावरून कट शाबीत होत असता तर पंढरीच्या वारीत निम्मा महाराष्ट्र तुरुंगात गेला असता. तुमची ती दोन प्रथिने झाडात एकाच पेशीत, पेशीच्या एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी असतात तरी का? आणि असली, तरी त्यांच्या भेटीमुळेच पान पिवळे झाले, याचा दाखला कोठे आहे?"

हा आक्षेप नुसता वकिली नव्हता, आणि सूनबाईंनीही तो तसा मानला नाही. त्या किंचित थांबून म्हणाल्या, "मामंजी, हे तुम्ही बोललात ते आमच्यातले पुष्कळ लोक बोलण्यास कचरतात. यीस्टने दिलेल्या भेटींच्या याद्या लांबच लांब असतात, आणि त्यांतल्या कित्येक भेटींस पुढे झाडात काही अर्थच उरत नाही. म्हणून नंतर तंबाखूच्या जातीतील एका झाडाच्या पानात तीच प्रथिने घालून पाहतात. चकाकणाऱ्या एका प्रथिनाचे दोन भाग त्यांना जोडलेले असतात आणि भेट झाली तर पेशीच्या त्या ठिकाणी उजेड पडतो. पण तोही, तुमच्या भाषेत, परिस्थितिजन्य पुरावाच. खरा दाखला एकच: त्या नोकरास घरातून काढावे आणि चोरी थांबते का ते पाहावे."

"असा दाखला मिळाला आहे?"

"मिळाला आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात पाच वर्षांचे अंतर आहे. भेंडीचा विषाणू घटकाभर बाजूस ठेवा. बटाटा, मिरची, पपई, वाटाणा यांना छळणारे पॉटीव्हायरस नावाचे मोठे कुळ आहे. पपईच्या पानावर कडी उमटविणारा रोग आपल्या मुंबई इलाख्यातून कपूर आणि वर्मा यांनी १९४८ साली नोंदविला, तोही याच कुळातला. या कुळाचे दप्तर डीएनएचे नसून आरएनएचे असते. आता पेशीतली कचेरी अशी चालते, की पेशीचा स्वतःचा प्रत्येक हुकूम आरएनएवर लिहून येतो आणि त्याच्या शिरोभागी एक रासायनिक मोहोर असते. 'ईआयएफ-४ई' असे रूक्ष नाव असलेले एक प्रथिन ती मोहोर पाहते, आणि मगच तो हुकूम अंमलबजावणीस जातो. पॉटीव्हायरसच्या आरएनएवर ही मोहोर नसते. तिच्या जागी 'व्हीपीजी' नावाचे विषाणूचे प्रथिन चिकटलेले असते. १९९७ साली यीस्टने साक्ष दिली, की सलगमावरील अशा एका विषाणूचे व्हीपीजी आणि मोहोर तपासणारे हे प्रथिन एकमेकांस धरतात. तुम्ही आता विचारलेत तेच तेव्हाही विचारण्यासारखे होते: धरतात, मग पुढे काय?"

"मग पुढे काय?"

"२००२ साली अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या इवल्याशा रोपात त्या प्रथिनाचे जनुक निकामी करून पाहिले. रोप नीट वाढले, फुलले. विषाणू मात्र त्यात वाढेना. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिरचीची जुनी कुळकथा उलगडली. मिरचीचे काही वाण बटाट्याच्या वाय-विषाणूस दाद देत नाहीत, हे संकर करणाऱ्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होते, आणि तो गुण आईकडून व बापाकडून दोन्हीकडून आला तरच दिसतो, हेही ठाऊक होते. पण कारण कळले नव्हते. कारण निघाले ते हेच. या वाणांत मोहोर तपासणाऱ्या प्रथिनाची दोन-तीन अमीनो आम्ले बदललेली आहेत. मिरचीचे स्वतःचे कामकाज त्यामुळे अडत नाही. विषाणूच्या व्हीपीजीला मात्र ते हातच देत नाही. यात पहारेकरी नाही, झटापट नाही, पानावर एक डागसुद्धा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की पिकाने लढावे यापेक्षा त्याने असहकार करावा."

असहकार या शब्दावर तात्या खूश झाले असावेत, कारण क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता माझ्या पहारेकऱ्याची बाजू ऐक. तंबाखूत म्हणे असा एक पहारेकरी आहेच."

"आहे, आणि अस्सल आहे. १९२९ साली होम्स यांनी पाहिले, की तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदावर मोझेकचा विषाणू चोळला तर रोग सगळ्या झाडात न पसरता तेथल्या तेथे वाळके ठिपके पडतात. तो गुण त्यांनी पुढे १९३८ च्या सुमारास लागवडीच्या तंबाखूत आणला, आणि त्यामागील जनुक १९९४ साली हाती आले. ते जनुक ज्या प्रथिनाचे आहे, ते विषाणूच्या नकला काढणाऱ्या प्रथिनाचा एक विवक्षित भाग ओळखते, आणि ओळख पटताच आजूबाजूच्या पेशी स्वतः मरून विषाणूस कोंडतात."

"हे माझ्या मनासारखे आहे. गडावर शत्रू आला तर बुरूज पाडावा, पण गड राखावा."

"मामंजी, फक्त एक अडचण आहे. हा किल्लेदार साधारण २८ अंशांच्या वर उष्णता गेली म्हणजे झोपतो. थंडी पडली, की पुन्हा जागा होतो. पण तोवर विषाणू सगळ्या झाडात पसरलेला असतो, आणि जाग येताच सारे झाडच मरते."

वैशाखातल्या त्या दुपारी ओसरीवर पारा चाळीसच्या आसपास असावा. तात्यांनी पंच्याने कपाळ पुसले, आणि या मुद्द्यास त्यांनी जे उत्तर दिले नाही, त्यातच त्याचे उत्तर आले.

"शिवाय पहारेकऱ्यास शत्रूची एकच खूण पाठ असते," सूनबाईंनी धागा पुढे नेला. "टोमॅटोत मोझेकविरुद्ध जे पहारेकरी-जनुक अनेक दशके निष्ठेने राबले, ते विषाणूला एका पेशीतून दुसरीत नेणाऱ्या त्याच्या प्रथिनास ओळखते. २०१४-१५ च्या सुमारास इस्राएल आणि जॉर्डन येथे एक नवा भाऊबंद निघाला. त्याचे तेच प्रथिन थोडेसे वेगळे होते. पहारेकऱ्याने त्यास ओळखलेच नाही, आणि आता तो विषाणू जगभर टोमॅटोच्या पाठीस लागला आहे."

"मग तुझा असहकारी नोकर तरी अमर आहे काय? सूनबाई, तू त्यास बडतर्फ करतेस. पण घरात तो आणखी दहा कामे करीत असेल, त्यांचे काय? शिवाय एक आचारी काढला म्हणजे दुसऱ्याच्या हातात भांडारघराच्या किल्ल्या जातात."

येथे मला सूनबाईंचे कौतुक वाटले. वाद जिंकण्याची ईर्षा असणाऱ्याने या ठिकाणी विषय बदलला असता. त्यांनी मात्र प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र दिले. "दहा कामांचे तुमचे अनुमान बरोबर आहे. टोमॅटोत या प्रथिनाचे दोन जवळचे भाऊ आहेत. दोघांनाही एकदम काढले तर झाड खुरटते. आणि किल्ल्यांविषयी म्हणाल, तर २०२१ साली अरॅबिडॉप्सिसमध्ये अगदी हेच आढळले: एक भाऊ काढून टाकल्याने झाड एका पॉटीव्हायरसपासून सुरक्षित झाले खरे, पण त्याच कुळातल्या दुसऱ्यास ते पूर्वीपेक्षा अधिक बळी पडू लागले. मिरचीचेही तसेच. व्हीपीजीची एक-दोन अमीनो आम्ले बदलून तिचा असहकार मोडणारे विषाणू निघाले आहेत. तरीसुद्धा मला वाटते, नोकर काढण्यापेक्षा मिरचीने केले तसे करावे, म्हणजे नोकर ठेवावा आणि त्याची सवय तेवढी बदलावी."

तात्या विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागले. पण त्यांच्या विजयात एक वाटा अद्याप बाकी होता, आणि तोही त्यांना सुनेनेच दिला. "तुमच्या फौजदारीस अनुकूल असा एक पुरावा मी लपवून ठेवणार नाही. वनस्पतीच्या पेशीत शोधपथकाचे एक खाते असते. विषाणूच्या आरएनएचे एकवीस-बावीस अक्षरांचे बारीक तुकडे पाडून, त्यांतला एकेक तुकडा हुलिया म्हणून आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या हाती देतात, आणि त्या हुलियाशी जुळणारा आरएनए दिसला, की आर्गोनॉट तो छाटतो. काकडीच्या मोझेक-विषाणूचे एक प्रथिन या आर्गोनॉटलाच धरून बसते. परंतु खरा कावा बीट वगैरेंवर पडणाऱ्या दुसऱ्या एका गटाचा. त्याच्या 'पी-शून्य' नावाच्या प्रथिनात छाटण्याची ताकद नाही, की धरून ठेवण्याची नाही. पेशीत निकामी प्रथिनांवर निकालाची खूण करून त्यांची विल्हेवाट लावणारे जे खाते आहे, त्याच्या एका घटकाशी पी-शून्य जुळते, आणि आर्गोनॉट निकालात निघतो."

"म्हणजे निनावी अर्ज करून फौजदारालाच बडतर्फ करविणे!" तात्या ओसरीवरून उठूनच उभे राहिले. "आणि तू म्हणतेस यात गुन्हा नाही? अगं, माझ्या नोकरीत असले तीन अर्ज मी डोळ्यांदेखत मंजूर होताना पाहिले. हा उद्देशपूर्वक केलेला गुन्हा आहे."

"उद्देश कोणाचा, मामंजी? पी-शून्यला तुम्ही, मी आणि भेंडी यांतले काही ठाऊक नाही. त्याचा एक भाग एका खाचेत बसतो, दुसरा दुसरीत. ज्या विषाणूंचे भाग असे बसले ते टिकले, ज्यांचे बसले नाहीत ते गेले."

पंच म्हणून मला निवाडा देणे प्राप्त होते, आणि मी तो दिला. आरोप, किल्लेदार, असहकार, अर्ज या सगळ्या शब्दांत आम्ही तिघांनीही आपापले आयुष्य त्या पेशीत नेऊन बसविले होते; तात्यांनी कचेरी नेली होती, आणि सूनबाईंच्या असहकारात त्यांच्या आजोबांच्या तुरुंगवासाचा काही अंश होता, हे मला ठाऊक होते. तेथे वस्तुतः आकार आणि विद्युत्भार यांखेरीज काही नाही. म्हणून कारणमीमांसेत मी सूनबाईंच्या बाजूने कौल दिला: ज्यास आपण हल्ला म्हणतो, तो बहुतांशी पिकाच्याच प्रथिनांचा उपयोग आहे, आणि कायमचा उपाय शोधावयाचा तर तो त्या प्रथिनांतच शोधावा लागेल. परंतु पुराव्याच्या कसोटीत तात्यांचे पारडे जड होते, आणि सूनबाईंनीही ते मान्य केले. भेटीची साक्ष म्हणजे संगनमताची शाबिती नव्हे. काढून पाहिल्यावाचून कोणत्याही प्रथिनास दोषी धरू नये.

"हे सर्व मिरचीचे झाले," तात्या म्हणाले. "माझ्या भेंडीचे काय?"

भेंडीची हकीकत आशा वाटावी अशी नव्हती. मुंबई इलाख्यात केवड्याची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ साली केली, तेव्हापासून या रोगाचा आणि वाण काढणाऱ्यांचा पाठशिवणीचा खेळ चालू आहे. पुसा सावनी हा वाण एके काळी रोगास दाद न देणारा म्हणून घरोघर गेला आणि काही वर्षांत त्याच रोगापुढे हतबल झाला. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर करून परभणी क्रांती काढला, त्याने शेतकऱ्यांस काही काळ खरोखरीच दिलासा दिला, आणि मग त्याच्याही शिरा पिवळ्या होऊ लागल्या. मिरचीच्या त्या प्रथिनासारखे, बदलले असता केवड्यास कायम दूर ठेवील असे एखादे प्रथिन भेंडीत आहे काय, असे मी विचारले. सूनबाई म्हणाल्या, की शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगे असे काही अद्याप त्यांच्यापाशी नाही, आणि रोग लागलेले झाड बरे करील अशी फवारणीही नाही. पांढऱ्या माशीचा बंदोबस्त ठेवावा, आणि पिवळे झाड दिसताच ते उपटावे, म्हणजे माशीला त्यातून विषाणू उचलून शेजारच्या झाडास देता येत नाही.

"म्हणजे शेवटी हद्दपारीच," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पायांत वहाणा घातल्या.

उन्हे कलल्यावर आम्ही तिघेही त्या दहा गुंठ्यांत उतरलो. पश्चिमेकडच्या बांधालगतच्या तीन सऱ्यांत रोग अधिक होता. दिवस मावळेपर्यंत एकूण ४२ झाडे उपटली, आणि ती बांधाच्या पलीकडे खड्डा करून पुरली.